ली-एनफील्ड नंबर ४ : फ्लिप बॅकसाइट काढून मायक्रोमीटर बसवायची आहे

ओहायोकर_पाटील

नमस्कार मंडळी. रायफल नंबर ४ मार्क १ स्टार, सॅव्हेज कंपनीची, डाव्या बाजूला 'यूएस प्रॉपर्टी' असा ठसा. मागची साइट साध्या एल आकाराची, म्हणजे मार्क २: एक भोक ३०० यार्डांचं, उलटलं की ६०० चं. शंभर यार्डांवर कागदाला नेम धरायचा तर तिचा काही उपयोग नाही. मार्क १, म्हणजे क्लिकवाली मायक्रोमीटर साइट मागवली आहे, जुनी ब्रिटिश आहे. प्रश्न तीन. गनस्मिथकडे न जाता घरच्या बाकावर हे होईल का? आडवी पिन निघत नसेल तर काय करायचं? आणि बसवल्यावर झीरो (नेम आणि गोळी यांचा जुळवलेला मेळ) किती बिघडेल?

पंच_आणि_हातोडी

होईल. पण साइट बदलणं हे यातलं सोपं काम आहे. खरा वेळ जातो तो नवीन साइट कानांमध्ये, म्हणजे रिसीव्हरच्या (बोल्ट बसतो तो मुख्य भाग) दोन उभ्या भिंतींमध्ये, नीट बसवण्यात आणि नंतर झीरो करण्यात. तिथे घाई केली तर दोष साइटचा वाटतो, असतो बसवण्याचा.

आधी मॅगझीन काढा. मग बॅकसाइट उभी करा, बोल्ट उघडून रिसीव्हरच्या कडेवरच्या खाचेपर्यंतच मागे आणा, तिथे बोल्टहेड वर फिरवा आणि मग बोल्ट मागे ओढून बाहेर काढा. साइट आडवी असेल तर वर फिरवलेलं बोल्टहेड तिच्याखालून बाहेर निघत नाही, म्हणून नंबर ४ वर हा क्रम पाळावा लागतो. चेंबरमध्ये बोट घालून आणि उजेडात डोळ्यांनी पाहून रिकामं आहे याची खात्री करा. रायफली दोन असतील तर बोल्ट ज्याचा त्यालाच. बोल्टहेड बदललं की हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबरमधल्या काडतुसामधली फट) बदलते.

बॅरल व्हाइसमध्ये धरू नका. लाकडी जबड्यांत किंवा जाड चामड्यात रिसीव्हरच्या भागाला हलका आधार द्या. साइटच्या दोन कानांपैकी ज्या बाजूला पिन बाहेर पडणार, त्या कानाला खालून भोक असलेल्या लाकडी ठोकळ्याचा टेका हवा. टेका नसताना ठोकलं तर सगळा दणका कानावर बसतो. कान वाकला तर नवीन पान (साइटचा भोकवाला उभा भाग) सरळ उभं राहणार नाही.

बाणेर_ते_ब्रिस्टल

एक भर. साइट ज्या जाड पिनेवर फिरते ती ॲक्सिस पिन, आणि ती निसटू नये म्हणून तिला आडवी जाणारी एक बारीक पिन. पहिल्यांदा काम करणारे थेट जाड पिनेवरच हातोडी चालवतात, आणि मग बारीक पिन आतल्या आत कापली जाते. त्या अवस्थेत दोन्ही पिना अडकतात आणि काम ड्रिलवर जातं. आधी बारीक, मग जाड. याला अपवाद नाही.

बारीक पिनेची दोन्ही तोंडं भिंगातून पाहा. जुन्या आर्मररने (सैन्यातल्या बंदूक-कारागिराने) ज्या बाजूने शेवटचं ठोकलं ते तोंड बहुतेक वेळा किंचित पसरलेलं दिसतं. म्हणून विरुद्ध बाजूने काढायचा प्रयत्न करा. दोन-तीन हलक्या ठोक्यांत जराही हलली नाही तर बाजू बदलून पाहा. जोर वाढवू नका.

पंच_आणि_हातोडी

बरोबर. पंच (पिन ठोकून काढायची सळई) पिनेपेक्षा किंचित बारीक हवा, आणि दोन हवेत: सुरुवातीला आखूड, कारण लांब बारीक पंच पहिल्याच दणक्याला वाकतो, पिन सुटली की लांब. टोक सपाट असावं. निमुळता पंच भोकात पाचरीसारखा अडकतो.

अडकलेल्या पिनेसाठी: या रायफली वर्षानुवर्षं कॉस्मोलिनमध्ये पडून होत्या. ते ग्रीस सुकून वार्निशसारखं झालेलं असतं. त्यावर हातोडीपेक्षा हीटगन किंवा केस सुकवायचं यंत्र जास्त काम करतं. धातू हाताला चटका बसेल इतका गरम करा, ग्रीस पातळ होऊन बाहेर झिरपेल, पुसून घ्या. मग पेनिट्रेटिंग ऑइलचे दोन थेंब दोन्ही तोंडांना, आणि रात्रभर ठेवा. टॉर्चची ज्वाला रिसीव्हरला लावायची नाही. रिसीव्हर हीट-ट्रीट केलेला असतो आणि जवळच लाकूडही असतं.

बारीक पिन निघाली की ॲक्सिस पिन पितळी किंवा ॲल्युमिनिअमच्या ड्रिफ्टने (मऊ धातूच्या जाड सळईने) ठोका. पण थांबा, त्याआधी साइटवर चिंधी टाका. पानाच्या खाली रिसीव्हरमध्ये एक छोटा प्लंजर आणि त्याची स्प्रिंग असते. साइट वर किंवा खाली टिकते ती त्यांच्यामुळेच. पिन निघताच प्लंजर उडून गॅरेजमध्ये कुठे जातो ते देवालाच माहीत.

जुना_बार

प्लंजर काढल्यावर त्याचं डोकं पाहा. गोल आणि गुळगुळीत हवं. चपटं झालं असेल तर साइट उभी केल्यावर 'टक' करून बसत नाही, सैल झुलते. प्लंजर आणि स्प्रिंग मिळून किंमत मामुली असते, नवीन साइटसोबतच मागवावी. भोकातला गाळ टूथपिक आणि सॉल्व्हंटने साफ करा. तिथे जाड ग्रीस भरू नका. थंडीत प्लंजर आखडतो. पातळ तेलाचा एक थेंब पुरे.

ओहायोकर_पाटील

धन्यवाद. बारीक पिन गरम करून तेल घातल्यावर सुटली. ॲक्सिस पिनही निघाली, प्लंजर चिंधीत सापडला. आता नवीन पान कानांमध्ये जातच नाही, साधारण कागदाच्या जाडीइतकं अडतंय. रिसीव्हरचा कान आतून थोडा घासू का?

पंच_आणि_हातोडी

अजिबात नको! कान रिसीव्हरचा आहे, तो परत येणार नाही. साइट बदलता येते. घासायचं ते पानाच्या पायाला, आणि तेही दोन्ही बाजूंना सारखं, नाहीतर भोक मध्यरेषेपासून सरकेल.

पद्धत अशी. काचेच्या तुकड्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, पानाचा पाय त्यावर सपाट धरून चार-पाच वेळा फिरवा, पुसा, लावून पाहा. मार्करने बाजू रंगवून ठेवा म्हणजे कुठे घासलं जातंय ते कळतं. कानस वापरू नका. कानशीने एक कोपरा आधी जातो. अडचण केवळ जुन्या रंगाची असू शकते, हेही बघा. ब्रिटिश कारखान्यांत नंतर फॉस्फेटवर जाड काळा रंग चढवत, सनकोराइट म्हणतात तो. नुसता तो रंग खरवडला तरी कधी कधी पान जातं.

पान बोटाच्या दाबाने आत जावं आणि बाजूला हलू नये. तेवढंच घासा.

बाणेर_ते_ब्रिस्टल

उलटा त्रासही होतो: पान आत सैल. आडवा खेळ राहिला तर गोळी डावी-उजवीकडे विखुरते, कारण भोकच जागा बदलतं. नंबर ४ चा साइट रेडियस, म्हणजे पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर, साधारण २८.७ इंच; त्यावर भोक ०.०१ इंच सरकलं तर शंभर यार्डांवर सव्वा इंच फरक पडतो. यावर पातळ पितळी शिमचा छोटा वॉशर पानाच्या एका बाजूला घालतात. फीलर गेजने फट मोजा आणि त्याच जाडीचा शिम कापा. कानांना व्हाइसमध्ये दाबून फट कमी करायचा सल्ला काहीजण देतात. तो ऐकू नका, कान सरळ राहत नाहीत.

पंच_आणि_हातोडी

आता बसवताना. इथे बहुतेकांची गोची होते, म्हणून थोडं सविस्तर.

ॲक्सिस पिन नीट न्याहाळा. तिच्यात बारीक पिनेसाठी आडवी जागा केलेली असते. ही जागा कानातल्या बारीक भोकाच्या अगदी समोर यायला हवी. पिन आत गेल्यावर ती दिसत नाही. म्हणून ठोकण्याआधी पिनेच्या डोक्यावर त्या दिशेने पातळ मार्करने एक रेघ ओढा. ही रेघ बाहेरून दिसते, आणि जाताना पिन फिरली तर लगेच कळतं.

प्लंजर पानाला सतत वर ढकलत असतो, त्यामुळे तीन भोकं (दोन कानांची आणि पानाचं) एका रेषेत येत नाहीत. साइट अर्धी उघडी धरून अंगठ्याने दाबा, दुसऱ्या बाजूने निमुळता पंच घालून भोकं जुळवा, आणि या बाजूने पिन ढकला. पिन पुढे सरकेल तसा पंच मागे निघतो. तिसरा हात मिळाला तर घ्या. पिन पहिल्या भागात हाताने जायला हवी. हाताने जात नसेल तर भोकं जुळलेली नाहीत. ठोकून जुळवायचा प्रयत्न केला की पानाच्या भोकाची कडा खरवडली जाते.

रेघ जुळल्याची खात्री केल्यावर बारीक पिन. जुनी पिन सरळ आणि पुरेशी लांब असेल तर तीच घाला. टोकं कानाच्या पृष्ठभागाशी समपातळीत हवीत, बाहेर आली तर हाताला आणि कपड्याला अडकतात. पिनेला लॉकटाइट लावू नका. पुढच्या माणसाला शिव्या द्यायला लागतील.

जुना_बार

बसवल्यावर तपासायच्या गोष्टी, माझ्या क्रमाने. साइट उभी केली की काटकोनात थांबते का. खाली केली की पूर्ण बसते का. बोल्ट घालून साइट आडवी असताना बोल्ट विनाअडथळा मागे-पुढे होतो का. आणि चार्जर गाइडला (काडतुसांची क्लिप अडकवायची खाच) पानाची कडा लागते का. शेवटची बाब डोळ्यांनी नाही, कागदाची पट्टी मधे घालून पाहा.

मार्क १ ला काहीजण सिंगर म्हणतात, कारण शिलाई मशीनवाल्या सिंगरनेही ती बनवली होती. ए. जी. पार्करच्या ठशाचीही सापडते. तिच्यात क्लिक साधारण एक मिनिट ऑफ अँगलचं, म्हणजे शंभर यार्डांवर एक इंच आणि किंचित जास्त. तिच्यावरची आखणी २०० ते १३०० यार्ड. बाजारात नव्या बनावटीच्या नकला आहेत. त्यांत क्लिक मऊ असतात, किंवा काहीच जाणवत नाहीत. चाकाला वर-खाली करून पाहा: एकदा वर, एकदा खाली, आणि तेवढेच क्लिक परत दिल्यावर पान जुन्याच खुणेवर येतं का. आलं नाही तर स्क्रूत खेळ आहे. खेळ असला तरी चालतं, फक्त नेहमी एकाच दिशेने, खालून वर, सेट करायची सवय ठेवा. खुणेपेक्षा खाली जायचं असेल तर दोन-तीन क्लिक जास्त खाली घेऊन परत वर या.

ओहायोकर_पाटील

बसली, आणि झुलत नाहीये. उभी केल्यावर ठोस बसते. २०० वर ठेवून शंभर यार्डांवर पाच-पाच गोळ्यांचे गट घेतले. गट नेमापेक्षा चार इंच वर आणि तीन इंच डावीकडे. काडतूस पीपीयू कंपनीचं, १७४ ग्रेन वजनाची गोळी. क्लिक २०० च्या खाली जात नाहीत. आता?

त्रिज्या

आधी आकडा समजून घ्या, मग हात लावा. ही साइट मार्क ७ काडतुसासाठी आखलेली आहे, १७४ ग्रेनची गोळी, सुमारे २४४० फूट प्रति सेकंद. २०० ला झीरो असेल तर शंभरवर गोळी साधारण दोन-अडीच इंच वर जायलाच हवी. म्हणजे तुमची खरी चूक चार नाही, दीड इंच.

उंचीच्या दुरुस्तीचा मार्ग फोरसाइट, म्हणजे पुढची साइट. नंबर ४ च्या फोरसाइट ब्लेडवर आकडा ठोकलेला असतो, आणि उंची ०.०१५ इंचाच्या टप्प्यांनी बदलते. एक टप्पा म्हणजे शंभर यार्डांवर १.८८ इंच. नियम सोपा: गोळी वर जातेय तर ब्लेड उंच, खाली जातेय तर ब्लेड ठेंगणं. तुमच्याकडे सध्या जो आकडा आहे त्यापेक्षा एक टप्पा वरचं घ्या. मग जेमतेम अर्धा इंच खाली राहाल, तो एकाच क्लिकच्या आत येतो.

डावीकडे तीन इंच म्हणजे फोरसाइट ब्लॉक डावीकडे सरकवायचा. (गोळी जिकडे जाते तिकडेच फोरसाइट.) किती? ३ ÷ ३६०० × २८.७ = ०.०२४ इंच, साधारण ०.६ मिलिमीटर. मायक्रोमीटर साइटला बाजूची दुरुस्ती नाही, ती सगळी फोरसाइटवर होते. ज्यांना बाजूचीही क्लिक हवी ते पार्कर-हेल ५सी सारखी टार्गेट साइट लावतात, पण तो वेगळा विषय आहे.

बाणेर_ते_ब्रिस्टल

फोरसाइट हातोडीने ठोकू नका, विशेषतः बॅरलच्या टोकावर. तिच्यासाठी क्रॅम्प असतो: पकडीत ब्लॉक धरून स्क्रू फिरवला की तो सावकाश सरकतो. संरक्षक कानांत त्यासाठी जागा ठेवलेली आहे. काही फोरसाइट ब्लॉक मुद्दाम चिरलेले असतात आणि समोरून एका बारीक स्क्रूने आवळलेले. तसा असेल तर स्क्रू आधी सैल करा, नाहीतर क्रॅम्पचा जोर वाया जातो आणि ब्लेडची धार चेपते. सरकवण्याआधी ब्लॉक आणि तो ज्यावर बसतो त्या बँडवर एक आडवी बारीक खूण करा. ०.६ मिलिमीटर डोळ्यांना काहीच दिसत नाही, खुणेतला फरक मात्र दिसतो. व्हर्नियर असेल तर ब्लॉकच्या कडेपासून मोजा.

ओहायोकर_पाटील

ब्लॉक चिरलेलाच आहे, स्क्रू समोर आहे. ब्लेडवर ०.०३० आहे. म्हणजे ०.०४५ मागवतो.

त्रिज्या

बरोबर. पण आधी बाजूची दुरुस्ती करा आणि ब्लेड मागवण्याआधी अजून दोन गट घ्या. पहिल्या दहा-वीस गोळ्यांत नवीन पिना, शिम, सगळं जागेवर बसतं आणि गट थोडा सरकू शकतो. एक इंच सरकला तर ब्लेड बदलायची गरजच पडणार नाही.

सातारी_सुतार

इथे सगळे साइटवर बोलतायत, लाकूड कोणी पाहत नाही. नंबर ४ चं पुढचं लाकूड बॅरलच्या टोकाजवळ वर दाबतं, तो दाब २ ते ७ पौंड असावा. लाकूड आक्रसलं असेल किंवा मागचे ड्रॉज (लाकूड रिसीव्हरला टेकतं ते पृष्ठभाग) घासले असतील तर गट गरम होता होता उभा लांबतो. म्हणजे पहिल्या तीन गोळ्या एकत्र, नंतर चढत जातात. असं दिसलं तर साइट कितीही नवीन बसवा, फरक शून्य. साधी तपासणी: मझलजवळ (बॅरलच्या तोंडाजवळ) बॅरल आणि लाकूड बोटांनी चिमटीत धरून वेगळं करून पाहा; सोडल्यावर बॅरल टक करून परत बसली तर दाब आहे. ढिली झुलली तर नाही. स्प्रिंग बॅलन्सने मोजता येतं. आणि किंग स्क्रू (पुढचं लाकूड रिसीव्हरला आवळणारा मुख्य स्क्रू) घट्ट आहे का तेवढं बघा.

जुना_बार

सुतारकाका शंभर टक्के. फक्त ओहायोकरांचे गट उभे लांबले नाहीत, त्यामुळे आत्ता लाकडाला हात नको.

पुण्याहून_प्रश्न

इकडे ०.३१५ स्पोर्टिंग रायफल लायसन्सवर आहे, इशापूरची. ॲक्शन ली-एनफील्डसारखीच दिसते. यातली साइट अशीच बदलता येईल का? आणि परदेशात मिळणारी इशापूर २ए१ आहे तिचं काय?

त्रिज्या

दोन वेगळ्या गोष्टी. ०.३१५ ची बॅकसाइट बॅरलवर आहे. नंबर ४ सारखे कान तिच्या रिसीव्हरला नाहीत, म्हणून मायक्रोमीटर साइट तिला बसणार नाही. आणि भारतात हे घरच्या बाकाचं काम नाही. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती, फेरफार लायसन्सधारकाकडूनच करून घ्यायची असते. लायसन्सवाल्या गनस्मिथकडे जा, लायसन्सवरची नोंद सोबत ठेवा. ०.३०३, म्हणजे नंबर ४ चं बोअर, तर इथे प्रतिबंधित आहे, त्यामुळे वरचा सगळा धागा परदेशातल्या मंडळींसाठी समजा.

२ए१ बद्दल: ती ७.६२ नाटोची, जुन्या नंबर १ मार्क ३ च्या आराखड्यावर १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरला बनली. तिची साइटही बॅरलवर, आणि मोजपट्टी ८०० मीटरपर्यंत. आधीच्या २ए वर जुनीच २००० यार्डांची पट्टी होती. दोन्ही पानं एकमेकांवर बसतात म्हणून लोक २००० चं पान लावतात आणि मग वैतागतात, कारण ती आखणी ०.३०३ ची आहे, ७.६२ ची नाही.

बाणेर_ते_ब्रिस्टल

२ए१ किंवा नंबर १ वर काम करणाऱ्यांसाठी इशारा: मागचं हँडगार्ड आधी काढावं लागतं आणि त्याला साइटच्या दोन्ही बाजूंनी जाणारे लाकडी कान असतात. ते पातळ असतात आणि जवळपास प्रत्येक दुसऱ्या रायफलीत तुटलेले किंवा चिकटवलेले सापडतात. पुढचं टोक धरून उचलू नका. स्प्रिंग क्लिपच्या अगदी वर, दोन्ही हातांनी, सरळ वर.

पंच_आणि_हातोडी

पाटील, जुनी एल साइट, तिची ॲक्सिस पिन आणि बारीक पिन एकत्र तेल लावून पिशवीत ठेवा आणि रायफलचा नंबर लिहा. मूळ भाग जुळणारा असेल तर विकताना फरक पडतो. मार्क २ सॅव्हेजवर अगदी योग्य असतं, त्यामुळे तुमच्या रायफलीवर मायक्रोमीटर आली म्हणजे ती 'जास्त अस्सल' झाली असं मात्र म्हणू नका. ती वापरायला बरी झाली.

ओहायोकर_पाटील

ठेवलं. फोरसाइट सरकवली, खुणेने ०.६ मिलिमीटर. दोन गट झाले: बाजू मध्यावर, उंची साडेतीन इंच वर. ०.०४५ लावू की तसंच राहू देऊ?

त्रिज्या

२०० यार्डांची रेंज असेल तर तिथे आधी एक गट घ्या आणि मगच ठरवा. तिथे नेमावर किंवा दोन इंचांच्या आत आलात तर ब्लेडला हात नको, शंभरवर खाली नेम धरायची सवय करा. चार-पाच इंच वर गेला तर ०.०४५. तिथे एक टप्पा दुप्पट मोजतो, पावणेचार इंच.